दीड वीत पाणी

रोज दुपारी बारा वाजले की बबडीची आई काठीला बसवलेली पांढरी ताटली खांद्यावर टाकून निघायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कुठंतरी जेवायला चाललीय आणि ताट घरूनच आणलंय. पण ते तिचं पगारी काम होतं. बारा तळी होती आणि बाराही तळ्यांत रोज एकेकदा ताटली बुडवायची होती.

तळी म्हणजे कमळं आणि बदकं असतात तसली नव्हेत. उघड्या माळावर ओळीनं खणलेली, लांबोळकी, उथळ तळी. प्रत्येकात मधोमध एक कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीभोवती पाणी गोल गोल फिरत राहायचं. फिरवायला एका टोकाला मोठं चाक होतं. त्याची पाती छपक... छपक... करत दिवसभर पाणी पुढं ढकलायची. पाणी हिरवंगार. त्यात शेवाळ वाढवायचे. दगडावर धरतं तसलं बुळबुळीत नाही. हे इतकं बारीक की एकेक कण बघायचा तर लॅबमधल्या मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा लागे. ते ऊन खाऊन वाढायचं, दाट झालं की गाळायचं, वाळवायचं, आणि त्यातून तेल काढायचं. त्या तेलावर म्हणे उद्या ट्रक धावणार होते. चाकांची निगा राखणारे मामा होते, पिकल्या मिशांचे, ते म्हणायचे, "धावेल गं ट्रक, का नाही धावणार. फक्त मागून येणाऱ्याला पालक शिजल्याचा वास येईल."

वास खरंच तसाच होता. उन्हं चढली की ओलं गवत, उकडलेला पाला आणि तापलेलं प्लास्टिक असा मिळून एक दमट वास माळभर पसरायचा. नव्या माणसाला मळमळायचं. जुन्यांना घरी गेल्यावर त्याच्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

आता ताटलीचं काम. काठी मीटरभर लांब, तिच्यावर सेंटिमीटरचे आकडे कोरलेले. काठावर उकिडवं बसायचं आणि ताटली हळूहळू पाण्यात सोडायची. शेवाळ विरळ असेल तर ती बरीच खाली जाईपर्यंत दिसते. दाट असेल तर चार बोटांतच गडप. दिसेनाशी झाली की हात थांबवायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. ऊन डोक्यावर असतानाच हे करायचं, म्हणजे सावली पडून डोळा फसत नाही. आठच्या आसपास ताटली बुडाली की समजायचं, शेवाळ काढायला आलं.

म्हणजे हात नेहमी मध्येच थांबायचा. ताटली तळाला टेकवायची वेळ कधी येतच नव्हती. दीड वर्षात बबडीच्या आईनं एकाही तळ्याचा तळ पाहिला नव्हता, की चाचपला नव्हता. कशाला चाचपायचा? पाणी किती, तर दीड वीत. जास्त खोल केलं तर ऊन खालपर्यंत पोचत नाही, म्हणून सगळी तळी मुद्दाम तेवढीच केलेली. तळाला चाळलेली वाळू, वाळूवर जाड काळा कागद, प्लास्टिकचा, आणि त्यावर दीड वीत पाणी. काठीवरच्या तीसच्या आकड्याला कागद लागायलाच हवा.

या दीड वितीवरच तर तिचा सगळा संसार तोलून होता. बबडी तीन वर्षांची. घरी सांभाळायला कुणी नाही. सासूबाई मोठ्या जावेच्या जुळ्यांत गुंतलेल्या, आई लांब. इथं मात्र नऊ नंबरच्या तळ्याशेजारी जुन्या कोठीत पाळणाघर होतं. बायकांची सात पोरं आणि त्यांना बघणारी एक मावशी. मालकांच्या नियमात पोरं बसत नव्हती. तळ्यांचं काम बघणाऱ्या साहेबांनी आपल्या जिवावर चालवलं होतं, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांना बजावलं होतं की तळी दीड वीत आहेत म्हणून मी डोळेझाक करतोय. पोरं आणि पाणी यावरून एक जरी रडगाणं माझ्यापर्यंत आलं, तर पाळणाघराला कुलूप.

त्यामुळे बबडीच्या आईची फार पंचाईत व्हायची. कारण ती जात्याच घाबरट. बबडीच्या घशात दाणा अडकेल, बबडी पंख्याच्या वायरला हात लावेल, बबडी खिडकीच्या गजातून डोकं घालेल आणि ते परत निघणार नाही. झोपलेल्या बबडीच्या नाकापुढं बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची तिला खोड होती. एकदा अंधारातून नवऱ्याचा आवाज आला, "झालं की माझापण बघ. मीही बराच वेळ निपचित पडलोय."

ही बाई तळ्याबद्दल मात्र कधी चकार शब्द काढायची नाही. दीड वीत, दीड वीत, असं मनाशी म्हणायची आणि पुढं जायची.

नऊ नंबरचं तळं ती मुद्दाम शेवटी ठेवायची. ते उरकलं की तिथंच पाळणाघरात बबडीला भरवायचं, स्वतःही चार घास खायचे. त्या दिवशीही बाकीची माणसं जेवायला गेली होती. माळ सामसूम. चाकांची छपछप तेवढी, आणि ऊन असं की डोळे उघडे ठेवायलाही कष्ट पडावेत. तिनं काठी पाण्यात सोडली आणि तेवढ्यात पाळणाघरातून कुणीतरी भोकाड पसरलं. तिची मान गरकन वळली. आईला आपल्या पोराचं रडणं शंभरात कळतं. हे बबडीचं नव्हतं. मावशीचा आवाज आला, रडणारं गप्प झालं. हायसं वाटून तिनं मान परत वळवली, आणि बघते तर आपला हात कोपरापर्यंत ओला.

कोपरापर्यंत.

काठी सगळीच्या सगळी पाण्यात होती. काठीच्या वरचा तिचा हातही पाण्यात होता. आणि ताटली कशालाच टेकली नव्हती. उलट खालून काठीला हलकासा रेटा लागत होता, म्हणजे ओढ नव्हे, कुणी टांगलेल्या पिशवीला खालून हात द्यावा, तसा आधार.

तिनं काठी उपसली ती थेट पाठीमागं उडवली. मग स्वतःलाच रागावली. ऊन लागलंय, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी धीर करून तिनं नऊमध्ये काठी मुद्दाम खालपर्यंत घातली. तीसला टक् करून कागद लागला. तिसऱ्या दिवशीही टक्. ती इतकी खूश झाली की बबडीला दोन घास जास्त भरवले, आणि बबडीनं ते दोन्ही फ्रॉकवर काढले.

चौथ्या दिवशी ताटली आठला गडप झाली. तिनं आठ लिहिलं. ताटली बाहेर काढली, झटकली, मांडीवर आडवी ठेवली.

पाण्यात एक ताटली अजून होती.

आधी नुसती फिकट खूण, मग गोल, पांढरी. खालून वर येत होती. घाई नाही, काही नाही. दिसेल न दिसेल इतकी वर आली आणि थांबली. थांबली ती एखाद्याला आकडा वाचून वहीत लिहायला लागतो तेवढाच वेळ. मग आली तशी खाली गेली. हिरवं पाणी पुन्हा जसंच्या तसं.

बबडीच्या आईच्या अंगावर भर उन्हात शहारे आले. तिला कळलं होतं. हे काम तिच्याइतकं कुणाला कळणार? आपण वरून सोडतो, आपल्याला दिसेनाशी झाली की थांबतो. तिथं खालून कुणीतरी वर सोडत होतं. त्याला दिसेनाशी झाली, म्हणून ते थांबलं होतं.

संध्याकाळी तिनं मामांना गाठलं. मामा सातच्या चाकाला वंगण देत होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मिशीवरून हात फिरवत म्हणाले की म्हणजे खालच्या लोकांनाही भर उन्हाचंच राबवतात तर. मग तिचा चेहरा बघून त्यांनी वंगणाचा डबा खाली ठेवला. इकडं तिकडं पाहिलं.

"पोरी... मी चाक बंद करतो ना, तेव्हा बाकीची तळी जागच्या जागी थांबतात. नऊचं पाणी आणखी एक फेरी मारतं. पुरी एक फेरी. मग थांबतं." डबा पुन्हा उचलत ते म्हणाले, "मी विचारत नाही त्याला, का म्हणून. तूही विचारू नको. पाळणाघर जाईल."

मॅडमना तिनं वेगळ्या वाटेनं विचारलं, नऊचं पाणी तपासलंत का, काही वेगळं दिसतं का. मॅडमचा चेहरा खुलला. नऊचं तर त्या कौतुक सांगतच सुटल्या. दोन वर्षांपूर्वी पाण्यात सूक्ष्म किडे पडले, त्यांनी चार दिवसांत अकरा तळ्यांतलं शेवाळ चरून साफ केलं, पाणी चहासारखं तांबडं झालं. नऊला मात्र धक्का लागला नाही. मग नऊमधलंच विरजण घेऊन त्यांनी अकराही तळी पुन्हा लावली. शेवाळाच्या बियाण्याला त्या विरजणच म्हणायच्या. म्हणजे आज जे काही हिरवं दिसतंय, ते सगळं नऊचंच. "तिला दृष्ट लावू नका," त्या हसून म्हणाल्या. तळ्याला त्या 'ती' म्हणायच्या.

बबडीच्या आईनं मग आपल्यापुरते उपाय सुरू केले. पाळणाघराच्या कडीला दोरी बांधली. मावशीला दिवसातून चारदा बजावलं. शेवटी मावशी कावली. सात पोरांना मी काय खुंट्यांना टांगून ठेवू का, की लोणच्यासारखं बरणीत घालू, असं म्हणाली, आणि तिच्याच हातातला डबा घेऊन तिलाच जेवायला बसवलं. मावशी तशी मायेची. पण तिला हात दोनच, आणि त्या पोरांत एक असं होतं की जे दर तासाला चड्डी भिजवायचं.

त्या चड्डीनंच घात केला.

दुपारचीच वेळ. बबडीची आई चार नंबरवर होती. मान वर केली तर लांब नऊच्या हिरव्या पाण्यात एक लाल ठिपका. काठ आणि मधली भिंत यांच्या मधोमध, उभा. सकाळी बबडीला लाल फ्रॉक तिनंच घातला होता.

ती किती धावली, कशी धावली, तिला आठवत नाही. मामा नंतर सगळ्यांना सांगायचे की बाई सात नंबरच्या तळ्यावरून उडून गेली, पाणी हललंसुद्धा नाही. तिला आठवतं ते नऊच्या काठावरचं. बबडी पाठमोरी उभी होती, गुडघाभर पाण्यात. मान खाली घातलेली, आणि पाण्याकडे बघून ती हळू आवाजात काहीतरी गोष्ट सांगत होती. मध्येच खुदकन हसत होती. चाकाचं पाणी तिच्या पायांजवळून वाहत होतं, पण पायांना अडून त्याला वळसा पडत नव्हता. जणू तिथं कुणी उभंच नव्हतं.

काठी हातात तशीच होती. तिनं काठालगत ती पाण्यात खुपसली. तीस गेला. चाळीस गेला. सत्तर. काठी संपली, तळ लागला नाही.

आणि चार-सहा हातांवर तिची पोर गुडघाभर पाण्यात उभी.

काठी सोडून तिनं छातीत श्वास भरून घेतला आणि बुडायच्या तयारीनं पाय टाकला. पाय नडगीभर पाण्यात कागदावर टेकला. वाळू भसकन दबली, एवढंच. दुसरा टाकला. तोही टेकला. ती एकेक पाऊल मोजत पुढं गेली, आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आता नाही लागणार... आता नाही...

"बबडे... ये बाळा. आईकडे ये."

बबडीनं मागं न बघताच हात हलवला.

"थांब ना. तिचीपण आई आलीय."

बबडीच्या आईनं खाली बघितलं. शेवाळाच्या दाट पाण्यात आरपार काही दिसत नाही, पण वरच्यावर आपलं रूप दिसतं. ते वाहत्या पाण्यात फुटकं, वेडंवाकडं दिसायला हवं. इथं अख्खं दिसत होतं. डोक्यावर पांढरं ऊन, भेदरलेली एक बाई, तिच्यापुढं लाल फ्रॉकमधली पोर.

आणि ती पाण्यातली बाई आधी वाकली.

अगदी निमिषभर आधी. पोरीला उचलायला तिनं हात पुढं केले आणि मग बबडीच्या आईचे हात पुढं गेले. पाणी उसळलं. डोळ्यात, नाकात, तोंडात हिरवं. तिला काही दिसेना. हाताला एक लहानसं, ओलं, ओळखीचं अंग लागलं आणि तिनं ते जिवाच्या आकांतानं ओढलं. पलीकडूनही कुणी ओढलं, तेवढ्याच जिवाच्या आकांतानं. क्षणभर दोन्हीकडून ताण. मग एकाएकी सुटलं. काहीतरी सोडलं गेलं, काहीतरी हातात राहिलं. ती पोरीला छातीशी कवटाळून मागं वळली आणि पडत, धडपडत काठावर आली.

मग जे व्हायचं ते झालं. तिनं बबडीला आधी एक धपाटा घातला, मग मुके घेतले, मग दोघी मिळून रडल्या. माणसं ताटावरून उठून धावत आली. बबडी नखशिखांत हिरवी झाली होती. मामांनी तिला पोपट म्हणून हाक मारली, तशी ती रडता रडता हसली. मावशी डोकं धरून बसली होती, तिलाच दोन बायका समजावत होत्या. नळाखाली धरून पोरीला धुतलं, मॅडमनी तिला आपल्या पांढऱ्या कोटात गुंडाळलं. कोट कायमचा हिरवा झाला.

साहेब आले. बबडीच्या आईला ठाऊक होतं, आता तोंड उघडलं की पाळणाघर गेलं, काम गेलं. पण तिच्यानं राहवेना. तिनं काठीचं सांगितलं, खालून आलेल्या ताटलीचं सांगितलं, सगळं. कुणी हसलं नाही. मामा चाकाकडे बघत राहिले.

साहेब मनानं वाईट नव्हते. नऊचं शेवाळ काढायला आलंच होतं. एरवी अर्धंच पाणी काढायचे, पण परवा सगळं तळं रिकामं करायचं त्यांनी ठरवलं. ते म्हणाले, तळ तुम्हा सगळ्यांसमोर उघडा करतो. दीड वितीपेक्षा एक बोट जरी जास्त निघालं, तर तळं बुजवून टाकतो. आणि दीड वीतच निघालं तर हा विषय पुन्हा नको, पाळणाघर आहे तसं राहील. वर सगळीकडे कुंपणही घालू.

दोन दिवस बबडीच्या आईला घास गेला नाही. बबडी मात्र मजेत होती. जेवायची, खेळायची, वेळेवर झोपायची. एरवी हट्टी पोर, आता एका हाकेला ओ द्यायची. नवरा म्हणाला, रोज एकदा बुडवून आणत जा हिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊचं चाक थांबवलं. पाण्यानं आपली एक जादा फेरी मारली आणि मग ते निजलं. पंप लावले. मॅडमनी थोडं थोडं विरजण बाकीच्या अकरा तळ्यांत सोडलं, उरलेलं गाळायला गेलं. पाणी उतरत गेलं तशी माणसं काठाकाठानं जमली. दहा वाजेपर्यंत काळा कागद उघडा पडला. चिखल नाही, भोक नाही, भगदाड नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा सपाट तळ. साहेब स्वतः विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरले आणि सात ठिकाणी टेप लावला. सातही ठिकाणी दीड वीत.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळेच हसायला लागले. मामा उताणे पडून कोरड्या तळ्यात पोहायला लागले, हातपाय मारत, वाचवा वाचवा म्हणत. मावशीनं सातही पोरांना आत सोडलं, आणि पोरांना तर काय, एवढं मोठं अंगण कधी मिळालं होतं. नुसता गोंधळ. साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली, झालं ना समाधान, अशी. बबडीची आई हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या छातीतला श्वास पोटापर्यंत गेला. पाळणाघर राहिलं, काम राहिलं, आणि तळ होता. बाकी काय, ऊन, जागरण, घाबरट स्वभाव.

चपला काढून तीही आत उतरली. कागद उन्हानं मऊ झाला होता, खालची वाळू पायाला गुदगुल्या करत होती. ती मधल्या भिंतीच्या दिशेनं चार पावलं गेली, तर तिथं कागदावर खळगे दिसले. पावलांचे. लहान लहान पावलं पाळणाघराच्या बाजूनं निघून मधोमध येऊन थांबलेली. ही बबडीची. त्यांच्याशेजारून मोठी, जवळ जवळ टाकलेली. ही आपली. जाताना उथळ, परत येताना खोल, कारण कडेवर पोर होती. बघून तिला हसू आलं. केवढी जपून जपून चालली होती बाई.

मग तिची नजर पलीकडे गेली.

मधल्या भिंतीच्या पायथ्यातून आणखी पावलं निघाली होती. लहान. तीही मधोमध येऊन, बबडीच्या पावलांना लागून थांबलेली. पण हे खळगे नव्हते. ही वर आलेली होती. कागदाला खालून कुणी पाय लावून चालावं, तशी टाच वर, बोटं वर, पाचही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ. त्यांच्याशेजारी मोठी पावलं, तीही उंचवटेच. भिंतीतून येणारी, आणि पुन्हा भिंतीत जाणारी. येताना कमी उंच, जाताना जास्त. कडेवर ओझं घेऊन गेल्यासारखी.

तिनं हळूच आपला पाय त्या मोठ्या उंचवट्यावर ठेवला. टाचेला टाच लागली. बोटाला बोट लागलं. कुठंही कमीजास्त झालं नाही.

मागं पोरं किंचाळत होती, मामा अजून बुडत होते, मावशी हसून हसून काठावर बसली होती. साहेबांनी हाक दिली, चला बाहेर, पाणी सोडायचंय. बबडीच्या आईनं पाय उचलून घेतला. ती म्हणाली स्वतःशी, आपापलं लेकरू घेऊन आपापल्या घरी गेल्या, बस झालं. कुणाला दाखवायला नको. पाणी आलं की झाकलं जाईल.

"बबडे, चल बाळा. निघायचं."

बबडी धावत आली. पावलांपाशी येऊन थबकली. खळग्यांकडे तिनं पाहिलं, उंचवट्यांकडे पाहिलं. मग तोंडभर हसली आणि उंचवट्यावर एक पाय ठेवला. मग पुढच्यावर दुसरा. हात पसरून, तोल सांभाळत, एकही न चुकवता ती एकेका पावलावरून भिंतीकडे चालायला लागली.

"तिकडं नाही गं... तू इकडून आली होतीस. ही बघ, ही तुझी पावलं."

"नाही," बबडी मान न वळवता म्हणाली, "मी इकडूनच आले."

ती भिंतीपाशी पोचली. तिनं भिंतीवर दोनदा थाप मारली. आणि आतून कुणी आले आले म्हटल्यावर आपण दारात थांबतो ना, तशी ती दोन्ही पाय जुळवून शहाण्यासारखी थांबून राहिली.